तपास चालू आहे म्हणे

आज माहिती अधिकाराचं उत्तर आलं. दीड ओळ. कलम ८(१)(ज) अन्वये माहिती देता येत नाही, तपासात अडथळा येईल. अहो पण अडथळा यायला आधी काहीतरी चालू असावं लागतं ना? सहा वर्षं झाली माझ्या मामेभावाच्या खुनाला!

आणि नेमकं आजच ग्रुपवर कुणीतरी कुठल्याशा सीरिजची क्लिप टाकली, डिटेक्टिव्ह येतो, चिमट्याने केस उचलतो, खुनी सापडतो, खाली कमेंट की पोलिसांच्या नादी न लागता एखादा डिटेक्टिव्ह लावावा माणसाने. लावला होता बाबांनो.

सडपातळ माणूस, बूट दाराबाहेर, हेल्मेट मांडीवर. पहिलंच वाक्य, "काकू, खुनाचा तपास आमचं काम नाही. लग्नाआधीची चौकशी, ऑफिसातली चोरी, एवढंच करतो आम्ही. मला जबाब घेता येत नाही, फाईल कुणी दाखवणार नाही." मामी म्हणाली, तरी बघा. तो तीन रात्री वॉचमनशेजारी बसला आणि चौथ्या दिवशी गेटच्या रजिस्टरचा फोटो घेऊन आला. सगळं पान निळ्या पेनाने, मधल्या दोनच ओळी काळ्या, अक्षर वेगळं, आणि १२.१० च्या नोंदीखाली ११.४० ची नोंद. पान फाडून नाही आणलं, म्हणाला फाडलं की पुरावा मेला. फोटो घेऊन आम्ही तपास अधिकाऱ्याकडे गेलो, त्यांनी त्यालाच विचारलं, "तू कोण रे?" आणि फोटो ड्रॉवरमध्ये.

मान्य, सगळंच उघड केलं तर खुनी सावध होतो. आणि हेही मान्य की डिटेक्टिव्ह काही सगळे धुतल्या तांदळाचे नसतात, २०१८ मध्ये ठाणे पोलिसांनी लोकांचे कॉल रेकॉर्ड विकल्याबद्दल काही डिटेक्टिव्हना पकडलंच होतं. मग करा ना कायदा! २००७ साली राज्यसभेत विधेयक आलं होतं यांच्या लायसन्सचं, कायदा काही झाला नाही.

पण मी मागितलं काय होतं? फाईल नाही, साक्षीदारांची नावं नाहीत. एकच प्रश्न. ते रजिस्टर जप्त केलं का, हो की नाही. यात कुठला खुनी सावध होणार आहे? दिल्ली हायकोर्टाने २००७ मध्येच सांगितलंय की नुसतं तपास चालू आहे म्हणून माहिती नाकारता येत नाही, अडथळा कसा येईल ते दाखवावं लागतं. दाखवा की मग. मला विचाराल तर त्यांना 'नाही' लिहायची लाज वाटते, बाकी काही नाही.

लंडनच्या डॅनियल मॉर्गनबद्दल वाचा कधीतरी. तो स्वतःच खासगी डिटेक्टिव्ह, १९८७ मध्ये पबच्या पार्किंगमध्ये कुऱ्हाडीने मारला, तपासावर तपास झाले, शिक्षा कुणालाच नाही, भाऊ वर्षानुवर्षं भांडत राहिला आणि २०२१ मध्ये चौकशी पॅनेलने लिहिलं की पोलिसांनी स्वतःची अब्रू वाचवायला स्वतःच्या चुका झाकल्या. म्हणजे तिकडेही ड्रॉवर आहेतच.

त्या दिवशी जिन्यात एक तरुण हवालदार मागून आला होता, हळूच म्हणाला, ताई, एकेकाकडे किती केसेस असतात तुम्हाला कल्पना नाही. असतील रे बाबा. त्याच्यावर राग नाही माझा.

डिटेक्टिव्हने शेवटचं बिल लावलंच नाही. दर दिवाळीला मामीला फोन करतो, रजिस्टरचं विचारतो.

हे टाईप करता करता मामीचा फोन आला. "काय गं, आलं का उत्तर?" म्हटलं, नाही गं, अजून नाही. पाकीट पर्समध्येच आहे.