‘कॉपी ढ मुलंच करतात’ म्हणे!

बोर्डाच्या परीक्षा जवळ आल्या की व्हॉट्सॲपवर एक मजकूर फिरायला लागतो : ‘कॉपी करतात ती ढ मुलं. घरी संस्कार नाहीत. आमच्या वेळी असं नव्हतं. दोन-चार जणांना तुरुंगात टाका, बाकीचे आपोआप सरळ होतील.’

ढ मुलं? कमी मार्क आणि कॉपी यांचा थोडाफार संबंध अभ्यासांत दिसतो, तेवढं मान्य. पण २०१२ मध्ये हार्वर्डच्या एका विषयात, घरी सोडवायच्या पेपरात, सुमारे सव्वाशे विद्यार्थी संशयात सापडले. म्हणजे जवळजवळ निम्मा वर्ग. तिथे ढ कोणाला म्हणायचं?

संस्कारांची तपासणी तर शंभर वर्षांपूर्वीच झाली. हार्टशॉर्न आणि मे या अमेरिकी संशोधकांनी सुमारे अकरा हजार शाळकरी मुलांना लबाडीची संधी देऊन पाहिलं. एक युक्ती अशी : मुलांची उत्तरं गुपचूप उतरवून ठेवायची, मग पेपर त्यांच्याच हाती तपासायला द्यायचे. कोणी काय बदललं ते लगेच कळे. १९२८ मध्ये निष्कर्ष छापून आले, आणि ‘प्रामाणिक मुलं’ व ‘लबाड मुलं’ अशी सरळ वाटणी काही होईना. पेपरात फसवणारं मूल दुसरीकडे सरळ वागे. चांगलं-वाईट तोंडपाठ असण्याचा वागण्याशी संबंध फार थोडा निघाला.

मग कशाचा निघाला? मॅकेब आणि ट्रेव्हिन्यो यांनी १९९३ मध्ये ३१ अमेरिकी कॉलेजांतल्या सहा हजारांवर विद्यार्थ्यांचा अभ्यास मांडला. त्यात सगळ्यांत ठळक ठरलं ते हे : ‘बाकीचे करतायत’ असं विद्यार्थ्याला किती वाटतं. शिक्षेच्या धाकाचा परिणाम होता, पण त्यापुढे फिका. आपल्याकडची काही केंद्रं आठवा. खिडकीतून चिठ्ठी येते, पर्यवेक्षक पाठ फिरवतात, पालक कुंपणाबाहेर ताटकळतात. तिथे कॉपी न करणारं पोरच बावळट ठरतं. हा संस्कार घरचा की केंद्राचा?

‘आमच्या वेळी’बद्दल फार बोलायला नको. १९६४ च्या बोवर्स यांच्या अमेरिकी पाहणीत चारातले तीन विद्यार्थी कधी ना कधी फसवल्याचं कबूल करत होते. आणि महाराष्ट्रात परीक्षेतल्या गैरप्रकारांविरुद्ध कायदा झाला तो १९८२ मध्ये. तेव्हाचे परीक्षार्थी आज साठीच्या आसपास आहेत, म्हणजे बहुधा हाच मजकूर पुढे ढकलणारे.

राहिला तुरुंग. उत्तर प्रदेशने १९९२ मध्ये तोही करून पाहिला. कॉपी हा अजामीनपात्र गुन्हा ठरवला, मुलं खरोखर गजाआड गेली. त्या वर्षी दहावीचा निकाल १५ टक्क्यांच्या खाली घसरला. धाक चालला, हे खरं. पण बाकीची ८५ टक्के मुलं काय एकाच वर्षात ढ झाली? वर्गात काय शिकवलं जात होतं, हा प्रश्न त्या निकालाने विचारला होता. उत्तर मिळण्याआधी सरकार बदललं आणि नव्या सरकारने कायदाच मागे घेतला.