सोलापुरात वन बीएचके बघताय? भाड्याआधी पाण्याचं विचारा

सोलापुरात बदली होऊन किंवा नोकरीसाठी येणारे लोक घर शोधताना आधी भाडं विचारतात. माझं ठाम मत आहे की आधी पाणी विचारावं. शहराला पाणी उजनी धरणातून, टाकळीजवळ भीमेतून आणि हिप्परगा तलावातून मिळतं, पण नळाला ते रोज येत नाही, काही दिवसांआड येतं. मधले दिवस साठवणीवर काढायचे असतात. त्यामुळे हौद नसलेलं ६ हजारांचं घर टँकर आणि जारचा खर्च धरला की ८ हजारांच्या घरापेक्षाही महाग पडू शकतं.

माणशी रोज १०० लिटर धरले तरी दोघांना पाच दिवसांत १००० लिटर लागतात. गच्चीवर तुमच्या वाट्याची टाकी ५०० लिटरचीच असेल, तर उरलेलं पाणी खालच्या हौदात हवं आणि मोटर लावायची मुभाही हवी. हौद किती लिटरचा, तो किती घरांत मिळून, मोटर कोणाच्या मीटरवर, टँकर आला तर पैसे मेंटेनन्समध्ये की वेगळे, हे सगळं मालकाला विचारा. मग तेच शेजारच्या काकूंना विचारा, कारण नळाचा दिवस आणि वेळ त्यांना तोंडपाठ असते. ‘२४ तास पाणी’ असं सांगितलं तर ते बहुतेक वेळा बोअरचं असतं. नळाच्या तोटीवर आणि बाथरूमच्या फरशीवर पांढरा थर दिसला की पाणी जड आहे, गिझरचं कॉइल लवकर जाणार. बोअर मे महिन्यात टिकतं का, हेही विचारायला विसरू नका.

दुसरी गोष्ट ऊन. इथे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर राहतो. वरच्या मजल्याचं भाडं कमी असतं ते उगाच नाही. स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री ती उष्णता खोलीत सोडतो. घर सकाळी बघू नका, संध्याकाळी पाचला जा आणि बेडरूमच्या पश्चिमेच्या भिंतीला हात लावून बघा. कूलर ठेवायला खिडकी आणि जवळ सॉकेट आहे का, तेही बघा. नुसता पंखा गरम हवाच फिरवतो.

जुळे सोलापूर, विजापूर रोड, होटगी रोड इकडे फ्लॅट जास्त. पेठांमध्ये जुन्या घरांतल्या खोल्या स्वस्त मिळतात, पण संडास सामाईक आहे का ते आधी बघा. पूर्व भागात खाली किंवा शेजारी यंत्रमाग असेल, तर कारखाना चालू असतानाच घर बघायला जा. बंद दिवशी शांत वाटलेल्या घरात कारखान्याची रात्रपाळी चालू असली की झोप लागणार नाही.

महावितरणचं मीटर स्वतंत्र हवं. सबमीटर असेल तर दोन घरांची युनिट एकाच बिलात जमा होतात, वापर वरच्या दराच्या टप्प्यात जातो आणि कमी वीज वापरणाऱ्यालाही चढा दर बसतो. राहायला जाण्याआधी ग्राहक क्रमांक घेऊन थकबाकी तपासा.

एकट्या मुलीला, नर्सला, विशिष्ट आडनावाच्या माणसाला घर नाकारणं आपल्याकडे चालतं. ते चूक आहे, आणि ओळखीतून घर मिळवून देणाऱ्यांनी तरी ‘आडनाव काय, एकटी राहणार का’ असले प्रश्न विचारणं बंद करावं.

शेवटी करार. नोटरी केलेला ११ महिन्यांचा कागद पुरेसा नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. मुद्रांक शुल्क एकूण भाडं आणि डिपॉझिटवरचं वर्षाला १० टक्के व्याज मिळून येणाऱ्या रकमेच्या ०.२५ टक्के. ८ हजार भाडं, ३० हजार डिपॉझिट, ११ महिने असं धरलं तर दोनशे-तीनशे रुपयांत भागतं. महापालिका हद्दीत नोंदणी फी १००० रुपये. एजंट यावर स्वतःचे पैसे लावतो, म्हणून सरकारी रक्कम आणि त्याची फी वेगळी लिहून मागा. भाडेकरूची माहिती पोलिसांना कळवली का, हेही मालकाला विचारा.

डिपॉझिट रोख देऊ नका, बँकेतून द्या आणि ती रक्कम करारात लिहून घ्या. घर सोडताना रंगाचे पैसे कापणार का, नोटीस किती दिवसांची, तेही त्यातच. आणि सामान आणण्याआधी भिंती, नळ, पंखे यांचा व्हिडिओ काढून त्याच दिवशी मालकाला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा.