जरा फडकं मार

सकाळी दहाला मित्राचा फोन आला. "चार वाजता गाडी बघायला एक गृहस्थ येताहेत. तू येऊन जरा फडकं मारून देतोस का? तुला आवड आहे ना त्यातली."

आपल्या आवडीनिवडी मित्रांपासून लपवून ठेवाव्यात, हे मला नेहमी उशिरा सुचतं. आणि गाडीच्या रंगावर प्रेम असलेल्या माणसाला 'फडकं मार' म्हणणं म्हणजे गवयाला 'जरा भोंगा वाजव' म्हणण्यासारखं आहे. तरी गेलो.

गाडी चौदा वर्षांची. रंग निळा, असं कागदपत्रांत लिहिलंय. बॉनेटवर कोणीतरी बोटाने 'मला धुवा' असं लिहिलं होतं, आणि त्या अक्षरांतही नव्याने धूळ भरून मजकूर पुसट होत चालला होता. मी हे वाचत असतानाच मित्राने टपावर कोरडं फडकं टेकवलं. मी ओरडलो. कोरड्या धुळीवर फडकं फिरवणं म्हणजे पॉलिश पेपरने घासणंच. उन्हात गाडीवर कोळ्याच्या जाळ्यासारखे जे बारीक ओरखडे चमकतात, ते बहुतेक मालकाने प्रेमाने पुसल्याचे असतात.

"दोन बादल्या आण," मी म्हणालो.

"दोन कशाला? गाडी तर एकच आहे."

एक साबणाची, दुसरी मळलेला हातमोजा खळबळून काढायची, नाहीतर काढलेली रेती पुन्हा गाडीलाच चोळली जाते, हे समजावण्यात दहा मिनिटं गेली. चाकांवर लोखंड विरघळवणारं औषध फवारलं, तेव्हा आणखी पाच. ब्रेकमधून उडालेली लोखंडाची भुकटी रिमवर रुतून बसते; तिला हे औषध लागलं की जांभळे ओघळ वाहू लागतात. मित्र पांढराफटक पडला. "काय फोडलंस?"

आत उत्खनन सुरू झालं. सीटखाली वरच्या थरात पार्किंगच्या पावत्या, त्याखाली पेनांची टोपणं आणि तळाशी लहान मुलाचा एक मोजा. मित्र तो हातात घेऊन बराच वेळ उभा राहिला. त्याचा मुलगा आता दाढी करतो.

कुबट वास कुठून येतोय ते मात्र सापडेना. मॅट उचललं तर खाली ओल. मग दाराच्या खालच्या कडेला पाणी निथळायची भोकं असतात, ती पाहिली, सगळी बुजलेली. काडी घातल्याबरोबर कुजलेल्या पानांसकट गढूळ धार लागली. वळणावर दारात पाणी डुचमळायचं, ते गेली कित्येक वर्षं तो सस्पेन्शनचा आवाज समजत होता. मेकॅनिकलाही दाखवून झालं होतं.

इथवर घड्याळ माझ्या बाजूने होतं. सहा तासांत चौदा वर्षांची गाडी नवी होत नाही हे मला पक्कं ठाऊक आहे. अशा वेळी काचा लख्ख करायच्या, वास घालवायचा, टायर काळे करायचे आणि रंगाला हात लावायचा नाही. विशेषतः रंगाला नाहीच. वरचा पारदर्शक थर असतो साधारण ४० ते ५० मायक्रॉनचा, म्हणजे केसापेक्षाही बारीक. तिथे घाई चालत नाही. हे सगळं मी मित्राला सांगितलं, आणि सांगता सांगता चालकाच्या बाजूच्या दरवाजावर तळहाताएवढ्या जागेत थोडं पॉलिश लावून पाहिलं. नुसतं पाहिलं.

निळा निघाला! कागदपत्रं खरं बोलत होती.

आता तेवढा तुकडा असा झळकू लागला, की बाकीचा दरवाजा मघापेक्षा कळकट दिसायला लागला. तो तसाच सोडणं मला जमलं नाही. दरवाजा संपवून मान वर केली तर पावणेतीन. मग त्याच बाजूचा पिवळा पडलेला हेडलाइट दिसला. प्लास्टिकवरचा ऊन अडवणारा थर झिजला की दिव्यांना असा मोतीबिंदू होतो. आधी १००० नंबरचा वॉटर पेपर, मग २०००, मग ३०००, मग पॉलिश, आणि वर पुन्हा ऊन अडवणारा लेप, कारण तो टाळला तर थोड्याच महिन्यांत मोतीबिंदू परत. एक डोळा स्वच्छ झाला. दुसऱ्यासाठी पेपर पाण्यात भिजत टाकला आणि गृहस्थ आले. पंधरा मिनिटं लवकर.

त्यांनी गाडीला एक फेरी मारली. चालकाच्या दरवाजापाशी थांबले, बोटाच्या पेराने तो वाजवला, मग मागचा वाजवला. पत्र्याच्या फटीतून डोळा बारीक करून पाहिलं. पुढे जाऊन दोन्ही हेडलाइट आळीपाळीने न्याहाळले.

"कधी ठोकली?"

"कुठे ठोकली?" मित्र गडबडला.

"हा दरवाजा नव्याने रंगवलेला, हा दिवा बदललेला. एकाच बाजूचे. बाकीची गाडी जुनी."

"ठोकली नाही हो!" मित्र कळवळून म्हणाला. "ह्याने नुसती घासलीय."

गृहस्थ माझ्याकडे वळले. माझ्या हातांवरचा मळ त्यांनी पाहिला आणि समजुतीच्या सुरात विचारलं, "स्पीड किती होता?"