परदेशात घर घ्यावे, राहण्याचा हट्ट धरू नये

आपल्या खिशात एकच युरो असेल, तर संकोच न करता इटलीकडे वळावे. सिसिलीतील सांबुका गावाने 2019 मध्ये आपली ओस पडलेली घरे एका युरोपासून पुढे लिलावात काढली होती. तीन वर्षांच्या आत घर दुरुस्त करावे आणि 5,000 युरो अनामत ठेवावी, एवढ्याच किरकोळ अटी होत्या. अर्थात, ज्या घराला छप्पर नाही त्याला छप्पर घालणे यालाही कागदोपत्री दुरुस्तीच म्हणतात, आणि नोटरीची सही घरापेक्षा महाग असते. पण ऐतिहासिक भिंतीतून उगवलेले अंजिराचे झाड आपल्याला फुकट मिळते, हे विसरू नये. पुढे याच गावाने 2021 मध्ये दोन युरोंपासून आणि 2024 मध्ये तीन युरोंपासून बोली लावली. पाच वर्षांत तिप्पट होणारी अशी गुंतवणूक शोधून सापडणार नाही.

वास्तव्याचा परवाना हा ज्यांना केवळ तपशील वाटतो, त्यांनी जपान निवडावा. तेथे 2023 च्या पाहणीनुसार सुमारे 90 लाख घरे रिकामी आहेत, ती परदेशी माणसालाही विकत घेता येतात, आणि करआकारणीच्या हिशेबात लाकडी घराचे आयुष्य 22 वर्षे धरले जात असल्याने जुने घर अनेकदा जमिनीच्या भावात पदरात पडते. फक्त घर घेतल्याने व्हिसा मिळत नाही. म्हणजे मालकाने पर्यटक म्हणून यावे, अंगणातले गवत कापावे, कर भरावा आणि मुदत संपताच आपल्याच घराचा निरोप घ्यावा. पाहुणचाराचा इतका शिस्तबद्ध प्रकार अन्यत्र आढळत नाही.

मध्यम ऐपतीच्या वाचकांनी मात्र घाई करू नये, पुष्कळ विचार करावा. असा विचार चालू असतानाच पोर्तुगालने 2023 मध्ये घरखरेदीवर मिळणारा गोल्डन व्हिसा, म्हणजे गुंतवणुकीच्या बदल्यात मिळणारा वास्तव्याचा परवाना, बंद केला, ग्रीसने 2024 मध्ये अशाच व्हिसासाठी अथेन्समधली किमान गुंतवणूक 8,00,000 युरोंवर नेली, आणि स्पेनने एप्रिल 2025 मध्ये आपली योजनाच गुंडाळली. विचारी माणसाचे पैसे असे आपोआप वाचतात.

ज्यांना पैसे वाचवण्याची लाज वाटते, त्यांच्यासाठी सिंगापूर आहे. तेथे एप्रिल 2023 पासून बहुतेक परदेशी खरेदीदारांना घराच्या किमतीवर 60 टक्के अतिरिक्त मुद्रांक शुल्क भरावे लागते. दहा खोल्यांचे पैसे मोजून घर घ्यावे आणि आणखी सहा खोल्यांचे पैसे सरकारजमा करावेत. त्या सहा खोल्या झाडाव्या लागत नाहीत, ही सोय लहान नव्हे.

तरीही कोणी माझे वैयक्तिक मत विचारलेच, तर मी कॅनडाचे नाव घेईन. त्या देशाने 1 जानेवारी 2023 पासून बहुतेक परदेशी नागरिकांना शहरी भागात निवासी घर घेण्यास मनाई केली आणि पुढे ती 1 जानेवारी 2027 पर्यंत वाढवली. तेथे न घेतलेल्या माझ्या घराचे छप्पर आजवर एकदाही गळलेले नाही.