'अविंध' आणि गावाकडची माणसं : एका प्रतिक्रियेला उत्तर

भाऊ,

'अविंध' या जुन्या शब्दावरच्या माझ्या लेखाखाली तुमची प्रतिक्रिया आली, ती वाचून लगेच उत्तर दिलं नाही. दिलं असतं तर तोंडून नको ते गेलं असतं.

बाकीच्या वाचकांसाठी तुमचं म्हणणं आधी सांगतो. मुसलमानांसाठी वापरला जाणारा 'अविंध' हा शब्द म्हणजे शुद्ध शिवी. मी तिला वर्णनाचा शब्द म्हणून गोंजारलं. संतकवी शेख महंमदांनी स्वतःलाच अविंध म्हटलं हा पुरावा होत नाही, कारण चोखोबांनीही स्वतःला हीन म्हटलं आहे. 'यवन' या शब्दाबद्दल मी दोनच ओळी लिहिल्या. शुद्धलेखनाच्याही तक्रारी आहेत. आणि शेवटी तुमचं वाक्य, जसंच्या तसं : "गावाकडच्या माणसांना असले शब्द गोड वाटतात, यात नवल नाही."

गावाकडच्या कोणत्या माणसांना, भाऊ? आमचं गाव दर्यापूर तालुक्यात, पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात. इथं तुम्ही कोणालाही धरून 'अविंध' म्हणजे काय विचारा. शंभरातल्या नव्व्याण्णवांना सांगता येणार नाही. जो शब्द माहीतच नाही तो गोड कसा लागेल? गावात माणूस धंद्यानं ओळखला जातो. पिंजारी, मन्यार, तांबोळी, कसाई. 'मन्याराकडून बांगड्या भर' म्हणणारी बाई त्या घराचा धर्म मोजत नाही. आणि ज्याला शिवीच द्यायची आहे त्याच्याकडे आजचे, चांगले धारदार शब्द आहेत. ते कुठं जन्मतात आणि कोणत्या फोनवरून गावात येतात, हे शहरातल्या माणसानं आम्हाला विचारू नये.

माझे वडील गावचे पटवारी होते. श्रावणात आमच्या ओसरीवर पोथी लागायची, बहुधा महीपतींचा 'भक्तविजय'. १७६२ सालचा ग्रंथ, त्यात 'अविंध' शब्द येतो. ऐकायला बसणाऱ्यांत आमच्या शेजारचे पिंजारी चाचाही असत. जवळपास अख्ख्या गावाच्या गाद्या त्यांनी पिंजून दिलेल्या. एकदा त्यांनी विचारलं, "बापू, हे अविंध अविंध काय हाय?" वडिलांनी अर्थ सांगितला : ज्याचा कान टोचलेला नाही तो. चाचांनी कानाची पाळी चिमटीत धरली आणि म्हणाले, "मंग बराबर हाय ना. आमचे कान कोन टोचते?" पोथी पुढं चालू झाली. दुसऱ्या दिवशी चाचा पुन्हा आले, तिसऱ्या दिवशीही आले. ज्यांना तो शब्द लागू होता त्यांना तो बोचला नाही. तुम्हाला बोचला, म्हणून आमच्या ओसरीवर बसलेले सगळे नीच ठरतात काय?

शब्दाची फोड मी लेखात केलीच होती, तरी पुन्हा करतो. विंधणे म्हणजे भोक पाडणे. आमच्या भागात ही क्रिया शेंबड्या पोरालाही कळते, कारण विंधन विहिरी आम्ही रोज पाहतो. (आमच्याकडं विंधून वर येतं ते खारं पाणी, पण ते दुःख वेगळं.) अविंध म्हणजे ज्याचा कान विंधला नाही तो. मोल्सवर्थनं आपल्या मराठी-इंग्रजी कोशात हाच अर्थ दिला आहे. ज्या समाजात बारशाच्या सुमाराला सोनार पोराचे कान टोचतो, पुरुष भिकबाळी मिरवतात, त्या समाजानं कान न टोचणाऱ्याला दिलेलं हे नाव आहे. त्यात ना देव आहे, ना धर्म, ना वंश.

उलट 'म्लेंच्छ' घ्या. त्याच्यात तुच्छता पहिल्यापासून आहे, आणि ते मी लेखात लिहिलं होतं. तुम्ही ते वाक्य ओलांडून गेलात. 'ताजिक' घ्या, अरबांसाठीचा जुना शब्द. पालघर जिल्ह्यातल्या चिंचणीला राष्ट्रकूटांचा ताम्रपट सापडला, इ. स. ९२६ चा. त्यात संजाणचा कारभार पाहणारा अरब अधिकारी आहे. त्याचं महंमद हे नाव संस्कृतात 'मधुमति' झालं आहे आणि त्याला ताजिक म्हटलं आहे. हाच ताजिक तिथल्या मठिकेला, म्हणजे लहान मठाला, दान देतो. सगळे शब्द एकाच टोपलीत टाकून वर 'शिवी' अशी चिठ्ठी लावायची, याला अभ्यास म्हणत नाहीत.

'यवन'बद्दल दोनच ओळी दिल्या, हे तुमचं म्हणणं मान्य. तो शब्द जास्त जागा मागतो. आयोनियातल्या ग्रीकांना जुन्या फारसीत 'यौन' म्हणत, त्याच्याशी आपला यवन जोडलेला आहे. अशोकाच्या लेखांत 'योन' आहेत. विदिशेजवळ बेसनगरला इ. स. पूर्व दुसऱ्या शतकात गरुडध्वज उभा करणारा हेलिओदोरस स्वतःला भागवत म्हणवतो, आणि लेखात त्याला योनदूत म्हटलं आहे. कार्ल्याच्या चैत्यातल्या खांबांवर धेनुकाकटच्या यवनांची दानं कोरलेली आहेत. ते यवन बहुतेक भारतीय नावांचे, बुद्धाला दान देणारे. हाच शब्द पुढं हजारेक वर्षांनी मुसलमानांना लागला, कारण पश्चिमेकडून येणाऱ्या परक्यासाठी तो हाताशी तयार होता. तेव्हा एवढं तुमच्या पदरात घालतो. पण दोन ओळी कमी पडणं वेगळं आणि शिवी गोंजारणं वेगळं.

चोखोबांचा दाखला तुम्ही मोठ्या आवेशात दिला आहे. चोखोबांचं मेहुणाराजा आमच्याच वऱ्हाडात, बुलडाणा जिल्ह्यात आहे, तेव्हा चोखोबा आम्हाला शिकवायची गरज नाही. "हीन याती माझी देवा" मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. 'हीन' या शब्दाचा अर्थच खालचा असा आहे, 'अविंध'चा तसा नाही. शेख महंमद लिहितात, "शेख महंमद अविंध । त्याचे हृदयीं गोविंद." 'योगसंग्राम' लिहिणारा, श्रीगोंद्यात ज्याची आजही यात्रा भरते तो माणूस काय लिहितो ते त्याला कळत होतं. यापलीकडं मला यावर वाद घालायचा नाही.

आणि वऱ्हाडाच्या इतिहासाबद्दल गावातल्या माणसाशी जरा जपून बोलावं. १४९० मध्ये इथं इमादशाही उभी करणारा फत्तेउल्ला जन्मानं कानडी ब्राह्मण होता, असं जुना इतिहासकार फरिश्ता सांगतो. नागपूर वसवणारा देवगडचा बख्त बुलंद गोंड राजा होता, औरंगजेबाच्या काळात मुसलमान झाला. आमच्याकडं कोण कोणाचा आणि कोणाचे कान टोचलेले, याचा हिशोब इतका सरळ कधी नव्हता. त्या हिशोबात आम्ही पिढ्यान्‌पिढ्या राहिलो आहोत. तुम्ही तो वाचला आहे, तोही कितपत ते तुमच्या प्रतिक्रियेवरून दिसतं.

शुद्धलेखनाच्या तक्रारींना मी उत्तर देत नाही. सोनारानं कान टोचले तर माणूस निमूट टोचून घेतो. तुम्ही तर नावही न लिहिता सुई घेऊन आलात.

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही. 'यवन'वर वेगळा लेख लिहायला घेतला आहे. त्यावर बोलायचं असेल तर खुशाल बोला, पण लेख शेवटपर्यंत वाचून, स्वतःच्या नावानं, आणि गावाला मध्ये न आणता.