रविवारच्या तमिळ वर्गाने मराठीचे काय बिघडते?

गेल्या काही दिवसांपासून व्हॉट्सॲपवर एक लांबलचक मजकूर फिरतो आहे. धारावीसारख्या वस्त्यांत तमिळ कुटुंबांतील मुलांना त्यांच्याच समाजातील माणसे सुट्टीच्या दिवशी तमिळ लिहायला-वाचायला शिकवतात, त्या वर्गांविरुद्ध तो आहे. त्यातले दावे असे: हे वर्ग महाराष्ट्राच्या कायद्याविरुद्ध आहेत, घरची भाषा शिकणारे मूल मराठीत कायमचे मागे पडते, या वर्गांत मुलांना महाराष्ट्रापासून तोडले जाते, तमिळनाडूत मराठीला कोणी दारात उभे करत नाही, आणि हे सगळे आपल्या करांच्या पैशांवर चालते. असे मजकूर मी एरवी न वाचता पुसून टाकते. हा मात्र शीवच्या एका शाळेत दुसरीला शिकवणाऱ्या माझ्या धाकट्या बहिणीने पाठवला आणि खाली विचारले, "ताई, माझ्या वर्गातल्या तमिळ मुलांच्या पालकांना रविवारचा वर्ग बंद करायला सांगू का?" एका चांगल्या शिक्षिकेच्या हातून मुलांचे नुकसान व्हायची वेळ आली, म्हणून हे उत्तर सविस्तर देणे भाग आहे.

कायद्याचा मुद्दा सर्वांत तकलादू आहे. मजकुरात ज्या २०२०च्या कायद्याचा हवाला दिला आहे, तो राज्यातील शाळांत पहिली ते दहावी मराठी हा विषय सक्तीचा करतो. दुसरी एखादी भाषा शिकवण्यावर तो बंदी घालत नाही आणि सुट्टीच्या दिवशी भरणाऱ्या वर्गाशी त्याचा काहीच संबंध नाही. उलट, राज्यघटनेच्या अनुच्छेद २९ने आपली भाषा आणि लिपी जपण्याचा हक्क प्रत्येक नागरिकसमूहाला दिला आहे, आणि १९५६च्या सातव्या घटनादुरुस्तीने आलेल्या अनुच्छेद ३५०अ प्रमाणे भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक स्तरावर मातृभाषेतून शिक्षणाची सोय मिळावी यासाठी प्रयत्न करणे हे राज्याचे कर्तव्य आहे. बेळगावच्या मराठी शाळांसाठी, तिथल्या मराठी माणसाच्या भाषिक हक्कांसाठी आपण गेली कित्येक दशके याच तरतुदींच्या आधारे भांडतो आहोत. बेळगावात जो हक्क आपल्याला पवित्र वाटतो, तो धारावीत दुसऱ्याने बजावला की गुन्हा ठरतो, असे म्हणणाऱ्याने बेळगावच्या बाजूने पुन्हा तोंड उघडू नये.

खरा घातक दावा दुसरा आहे, कारण तो वाचून आईबाप घाबरतात. घरी तमिळ, वर्गात तमिळ, शाळेत मराठी, मग मुलाच्या डोक्यात गोंधळ होणारच, असे त्यात ठासून सांगितले आहे. गोंधळ होतो, हे मी अर्धे मान्य करते. बहिणीने मला एका मुलाची वही दाखवली, तिच्यात 'गाय'च्या जागी 'काय' आणि 'भात'च्या जागी 'पात' लिहिले होते. याचे कारण साधे आहे. तमिळ लिपीत क, ख, ग, घ या चौघांसाठी एकच अक्षर असते आणि त्याचा उच्चार कठोर की मृदू, हे बहुधा शब्दातल्या त्याच्या जागेवरून ठरते. प, फ, ब, भ यांचेही तसेच. म्हणून तमिळ अक्षरे आधी गिरवलेले मूल देवनागरीत काही महिने इथे अडखळते. पण त्याच वहीत 'बाळ', 'केळी', 'फळा' आणि 'वेणी' हे शब्द अचूक होते, कारण ळ आणि ण हे दोन्ही ध्वनी आणि त्यांची अक्षरे तमिळमध्ये आहेत. हिंदी घरांतून आलेली त्याच बाकावरची मुले 'बाल' आणि 'केला' लिहीत होती. काना, वेलांटी, उकार जोडून अक्षर घडवण्याची रीतही दोन्ही लिप्यांत एकच, कारण दोघींचे मूळ ब्राह्मीत आहे. एका लिपीत ती रीत उमगली की दुसऱ्या लिपीत ती नव्याने शिकवावी लागत नाही. काय-गायचा घोळ निवडक शब्दांच्या जोड्या फळ्यावर मांडून सुटतो. त्यासाठी मुलाची भाषा काढून घ्यावी लागत नाही.

ज्यांना माझ्या बहिणीच्या वह्या पुरेशा वाटत नाहीत, त्यांनी वेन थॉमस आणि व्हर्जिनिया कोलिअर यांचा २००२चा अमेरिकी अभ्यास पाहावा. स्थलांतरितांच्या आणि इतर भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांच्या दोन लाखांहून अधिक शालेय नोंदी त्यांनी तपासल्या. घरच्या भाषेतून औपचारिक शिक्षण जितके अधिक मिळाले, तितकी ती मुले पुढे इंग्रजीत अधिक वर गेली, असे त्यांना आढळले. तो अभ्यास रोजच्या शाळेचा आहे, आठवड्यातून एकदा भरणाऱ्या वर्गाचा नाही, हे खरे. पण घरच्या भाषेचे शिक्षण दुसऱ्या भाषेला मारते, हा दावा त्यापुढे टिकत नाही.

तोडण्याच्या आरोपावर फार शब्द खर्च करण्याची गरज नाही. मी पाहिलेल्या वर्गात चटईवर बसलेली मुले वर्णानुक्रमाने लावलेली नीतिवचने म्हणत होती: चांगले करण्याची इच्छा धर, राग आवर. धारावीत तिरुनेलवेलीकडून आलेली चामडे कमावणारी कुटुंबे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून राहत आहेत. त्यांना कोण कशापासून तोडणार?

तमिळनाडूचा दाखला मात्र अर्धसत्य आहे. तिथे २००६च्या कायद्याने शाळांत तमिळ सक्तीची झाली आणि भाषिक अल्पसंख्याक त्याविरुद्ध न्यायालयात गेले, हे खरे आहे. पण तो नियमही शाळांपुरता आहे, आपला २०२०चा आहे तसाच. आणि मराठीला तिथे थारा नाही म्हणणाऱ्याने तंजावरला जावे. बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर सरफोजीराजांच्या काळात, १८०३मध्ये कोरलेला भोसले घराण्याचा प्रदीर्घ मराठी शिलालेख आजही आहे. सरस्वती महाल ग्रंथालयात मोडीतील कागदपत्रे जपून ठेवली आहेत. तंजावरी मराठी घराघरांत तीनशेहून अधिक वर्षे बोलली गेली, पण ती बोलणाऱ्या अनेकांना देवनागरी वा मोडी वाचता येत नाही. धारावीतले आईबाप आपल्या मुलांवर नेमकी हीच वेळ येऊ नये म्हणून धडपडत आहेत. उत्तर अमेरिकेत बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या मराठी शाळा चालतात, त्या याच भीतीपोटी, आणि त्यांचे आपल्याला कौतुक असते.

पैशांचे म्हणाल तर मी पाहिलेला वर्ग पालकांच्या वर्गणीवर चालतो. मुंबई महापालिका तमिळसह आठ माध्यमांच्या शाळा चालवते, पण तो वेगळा विषय आहे, आणि कर तमिळ माणूसही भरतोच.

एक तक्रार मला नाइलाजाने मान्य करावी लागते. तीन पिढ्या मुंबईत काढूनही मराठीत दोन वाक्ये न बोलणारी माणसे आहेत. पण त्यांच्याशी भाजीच्या गाडीपासून बँकेच्या खिडकीपर्यंत हिंदीत बोलतो कोण? आपणच. हा मजकूर पुढे पाठवणाऱ्यांनी इमारतीखाली खेळणाऱ्या तमिळ मुलांशी उद्यापासून मराठीत बोलावे, आणि आपल्या भागातील इंग्रजी शाळा मराठीचा तास खरोखर घेते का, हे मुख्याध्यापकांना जाऊन विचारावे.