मीटरमधले जळके ४ इंच

शुक्रवारच्या बाजारात बाटिकवाल्याने (बाटिक म्हणजे मेणाने नक्षी झाकून रंगवलेलं कापड) जळलेले ४ इंच माझ्या ५ मीटरांत मोजले. जाळले मी नव्हते. जाळणारे काका तोवर एस.टी. पकडून निघूनही गेले होते.

५ मीटर कशाला, हा प्रश्न त्यांचाच. "गोधडीले तं ३ मीटर लय झाले!" आता गोधडी ५ बाय ७ फुटांची, कापडाचा पन्हा ४४ इंच. एका पन्ह्यात ५ फूट बसत नाहीत, म्हणजे ७ फुटांचे दोन पट्टे जोडायचे. धुतल्यावर आटणं आणि शिलाईची माया धरली की हिशोब पावणेपाचच्या आसपास जातो. हे सांगितलं, तर काकांनी शेजारच्या मिरचीवालीकडे पाहून मान हलवली, "शिकेल बाई दिसते."

मग मी पांढरा रुमाल ओला करून लाल ठाणावर घासला. रुमाल लाल. ते ठाण बाजूला. दुसऱ्याची पाठ पाहिली. खऱ्या बाटिकात मेण आणि रंग आरपार उतरतात, सुलट-उलट जवळपास सारखीच. पाठ पांढरट दिसली की समजावं, छापील. मेण तडकून रंग शिरतो त्या रेघा म्हणजे तडे, छापीलवाले तेसुद्धा छापतात. हातभर अंतरावर तोच तडा पुन्हा दिसला की चोरी पकडली जाते. मी तेच शोधत होते.

"ताई, कापड घेऊन रायल्या का कपाशीची गरेडिंग करून रायल्या?"

आजूबाजूचे हसले. दुकानदारही हसला, आणि राग मला त्याचाच जास्त आला. काकांना मात्र चेव चढला. "सुती हाय का नाई पाहाचं हाय नं? थांबा." कडेचे दोन-तीन धागे उपसून चिमट्यात धरून जाळायचे असतात. सुती असेल तर कागद जळल्याचा वास येतो, हलकी राख पडते. पॉलिस्टर आक्रसून त्याची कडक गोळी होते. काकांनी माचिस काढली ती थेट ठाणाच्या कोपऱ्याला लावली. फुंकून विझवली, राख बोटांनी चुरली आणि माझ्या नाकाखाली धरली. "घ्या! अस्सल कापूस!" जसा काही त्यांनीच पेरला होता. पेरलाही असेल म्हणा, यवतमाळ जिल्हा आहे. आमचा कापूस गाठी बांधून जातो, आणि बाटिक मात्र उज्जैनजवळच्या भैरवगढहून नाहीतर कच्छातल्या मुंद्र्याहून आणायचं. पिकवायचं आम्ही, रंगवायचं दुसऱ्यांनी, जाळायचं काकांनी.

पैसे देताना दुकानदाराचा फुकट सल्ला: "मिठाच्या पाण्यात टाका, रंग पक्का होते." नाही होत. मीठ रंगवतानाच्या पाण्यात कामाचं. रंगून वाळलेल्या कापडावर ते काही बांधून ठेवत नाही. तुरटीही झाडापाल्याच्या रंगांसाठी, तीही रंग चढवताना. अंगावरचा सुटा रंग धुऊनच काढावा लागतो. म्हणून कापायच्या आधी प्रत्येक रंग वेगळ्या बादलीत, थोड्या साबणाच्या गरम पाण्यात अर्धा तास. गरम पाण्याला भिण्याचं कारण नाही, मेण काढायला हे कापड उकळत्या पाण्यातून आलेलंच असतं. काचेच्या ग्लासात पाणी घेऊन पाहायचं. नितळ दिसेपर्यंत पाणी बदलायचं. ओलं कापड घडी करून ठेवलं की गडद रंग फिक्यावर बसतो. वाळत सावलीत, आमच्या मे महिन्याच्या उन्हात तर नकोच. कुठे मेण राहून कडक लागलं तर दोन कोऱ्या खाकी कागदांमध्ये धरून इस्त्री. वर्तमानपत्र नको, शाई उतरते.

आणि मशीनची सुई नवी, ११ नंबर. बाटिकाची वीण घट्ट, बोथट सुईची भोकं तशीच दिसत राहतात. हाताने धावदोरा घालायचा तर बाटिक फक्त वर, आत आईची जुनी लुगडी. सगळेच थर बाटिकाचे केले तर बोटं सुजतात.

लाल ठाण घेतलं नाही, पण रुमाल यांचा होता. भिजत घातलाय. तिसरं पाणीही लालच.